डक्टमधला पारवा : शहरात कबुतरं का वाढतात, फुप्फुसांना काय होतं आणि त्यांना लांब कसं ठेवायचं

सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की आधी वास येतो, मग पंखांची फडफड. डक्टमधल्या पाइपांच्या सांध्यावर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर, बाथरूमच्या झडपांमागे कबुतरं ठाण मांडून बसलेली असतात. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, कुठेही इमारतीत राहणाऱ्याला हे नवं नाही. २०२५च्या पावसाळ्यात मात्र हा घरगुती त्रास विधान परिषदेत, न्यायालयात आणि शेवटी रस्त्यावर आला.

मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला महापालिकेला सांगू, असं सरकारनं ३ जुलै २०२५ला विधान परिषदेत जाहीर केलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला आणि ६ ऑगस्टला जमावानं ती ताडपत्री फाडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. ऑक्टोबरअखेर महापालिकेनं वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली भागांतल्या चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ एवढ्याच वेळात दाणे घालायला तात्पुरती परवानगी दिली.

एकीकडे ‘कबुतर म्हणजे रोग’, दुसरीकडे ‘मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढू नका’. या गदारोळात मूळ पक्ष्याबद्दल कुणी फारसं बोललंच नाही. माझं म्हणणं साधं आहे : कबुतराला शहरात दोन गोष्टी मिळतात, फुकटचा दाणा आणि घरट्याला आडोसा. या दोन गोष्टी कमी केल्याशिवाय कुठलाही उपाय टिकत नाही, आणि या दोन गोष्टी कमी करायला एकाही पक्ष्याला मारावं लागत नाही.

हा पक्षी मुळात कड्यावरचा

आपल्या भाषेत याचं जुनं नाव पारवा. त्याच्या अंगाच्या राखी-निळ्या छटेवरून आपण रंगालाही ‘पारवा’ म्हणतो. पारवा झाडावरचा पक्षी नाही. वडाच्या किंवा आंब्याच्या फांदीवर त्याचं घरटं शोधून सापडणार नाही. तो कड्याच्या कपारीत राहणारा पक्षी आहे. किल्ल्याच्या तटात, लेण्यांमध्ये, दगडी बांधकामाच्या खोल विहिरीत तो पूर्वीपासून घुमतो आहे. गावाकडच्या जुन्या विहिरीत डोकावलं की खालून एकदम पाखरं उसळतात, ती हीच.

आता त्या पाखराच्या नजरेनं आपली इमारत पाहा. उभी भिंत म्हणजे कडा. खिडकीवरचा छज्जा म्हणजे कपार. आणि डक्ट? चारही बाजूंनी बंद, वरून उघडी, आत सावली, घारीला शिरता येत नाही, माणूस वर्षानुवर्षं फिरकत नाही. ती तर थेट विहीरच. आपण घरं बांधली, पण पारव्याला वाटलं आपण त्याच्यासाठी शेकडो विहिरी खोदून ठेवल्या. तो हट्टानं आपल्या घरात घुसत नाही. त्याला हेच घर म्हणून माहीत आहे.

दाण्याचा हिशेब

कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. अंडी साधारण १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिल्लं महिनाभरात उडायला लागतात. खायला भरपूर असेल तर एक जोडी वर्षातून पाच-सहा वेळा अंडी घालते. आधीची पिल्लं घरट्यात असतानाच पुढची अंडी येतात, असंही होतं.

बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लाच्या चोचीत अळी घालते. अळ्या ठरावीक हंगामात मिळतात, म्हणून पिल्लंही हंगामातच. कबुतराचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याजवळच्या पिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. म्हणजे आई-बापाला नुसते दाणे मिळाले तरी पिल्लांची सोय झाली. बारा महिने दाणे, तर बारा महिने पिल्लं.

एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे पुरतात. एक किलो ज्वारी टाकली की तीसेक कबुतरांचा दिवस भागला. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. दाणे शोधत वणवण करणाऱ्या पक्ष्याचा दिवस त्यातच जातो. सकाळी सात वाजता चौकात ढीग मिळाला तर दहा मिनिटांत पोट भरतं आणि उरलेला दिवस जोडीदार, घरटं आणि अंडी यांना मोकळा राहतो. आपण दाणे घालून भुकेल्या पक्ष्याला जगवतो असं वाटतं. प्रत्यक्षात आपण पुढच्या पिढ्यांची बेगमी करत असतो.

विष्ठेचा फुप्फुसाशी काय संबंध?

कबुतराची विष्ठा ओली असते तोवर घाण असते. वाळली की तिचा भुगा होतो. पंख्याच्या झोतानं, पंखांच्या फडफडीनं किंवा केरसुणीच्या फटकाऱ्यानं तो भुगा हवेत उडतो. त्यात विष्ठेतली प्रथिनं असतात, पिसांवरची पांढरी पूड असते आणि कधी जंतू व बुरशीही असते. डोळ्यांना न दिसणारे हे कण नाकातून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

यातून होणारा सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. नाव अवघड आहे, अर्थ अवघड नाही : श्वासातून आलेल्या एखाद्या गोष्टीची शरीराला नको इतकी चीड येते आणि त्या चिडीतून फुप्फुसाला सूज येते. यापुढे याला एचपी म्हणू. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६५मध्ये कबुतरं पाळणाऱ्यांमध्ये हा आजार नोंदवला, तेव्हा त्याचं नावच ‘कबुतर पाळणाऱ्यांचं फुप्फुस’ असं पडलं.

हा संसर्ग नव्हे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अँटिबायोटिकनं जात नाही. आपली प्रतिकारशक्ती सोसायटीच्या पहारेकऱ्यासारखी आहे असं समजा. चोर आला की त्यानं काठी उगारायची. पण काही जणांमध्ये हा पहारेकरी रोज येणाऱ्या दूधवाल्यालाच चोर समजतो आणि जिन्यातच मारामारी सुरू करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. दूधवाला रोज येतो, म्हणून मारामारीही रोज होते, आणि मोडतोड जिन्याची होते. तो जिना म्हणजे आपलं फुप्फुस.

सुरुवातीला विष्ठा साफ केल्यावर चार-आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत जडपणा जाणवू शकतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून माणूस ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देतो. पण कित्येकांना असा ताप येतच नाही. त्यांना फक्त बारीक खोकला राहतो आणि जिना चढताना दम लागतो. महिने जातात, वर्षं जातात. सुजेच्या जागी हळूहळू व्रण धरतात. ओला स्पंज दाबला की आत जातो, सोडला की फुगतो. तोच वाळून कडक झाला की दाबूनही हलत नाही. व्रण धरलेलं फुप्फुस असंच कडक होतं, आणि तो भाग पुन्हा मऊ होत नाही. औषधं पुढची हानी मंद करतात, झालेली परत फिरवत नाहीत. म्हणून हा आजार लवकर ओळखण्याला इतकं महत्त्व.

खोकला तीन-चार आठवडे हटत नसेल आणि खिडकीत कबुतरं असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. क्षयाची तपासणी, दम्याचा पंप, यात बराच वेळ जातो, कारण कबुतरांचा विषय रुग्णाच्या डोक्यातच येत नाही. छातीचा एचआरसीटी स्कॅन, श्वासाच्या चाचण्या आणि रक्ताची तपासणी यांतून निदान होतं. उपचाराची पहिली पायरी औषध नाही. पहिली पायरी म्हणजे त्या धुळीपासून लांब जाणं.

कबुतरांच्या विष्ठेतून काही संसर्गही होऊ शकतात. क्रिप्टोकोकस आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशी, आणि सिटॅकोसिस नावाचा जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया. धडधाकट माणसाला यांचा धोका कमी असतो. एचआयव्हीबाधित, केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणारे यांनी मात्र विष्ठेच्या आसपास फिरकू नये.

“मग सगळे आजारी का पडत नाहीत?”

रास्त प्रश्न आहे. एचपी व्हायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात : शरीराचा कल आणि धुळीशी रोजची गाठ. एकाच घरात सून आजारी पडते आणि सासूबाई ठणठणीत राहतात, ते म्हणूनच. कोण त्या वाटेला जाईल हे आधी सांगता येत नाही.

यात अतिशयोक्तीही करू नये. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ रुग्णालयांनी फुप्फुसाला व्रण धरणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली आणि २०१७मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांना एचपी होता. पण त्यांच्या घरच्या परिस्थितीत सर्वाधिक आढळला तो कूलर, ज्याच्या ओल्या गवतात बुरशी वाढते. पक्षी त्याच्या खाली होते. म्हणजे कबुतर हे एकमेव कारण नाही. पण टाळता येण्याजोगं एक ठोस कारण नक्की आहे, आणि विदर्भात जिथे कूलर आणि कबुतरं एकाच खिडकीत असतात, तिथे दोन्हीकडे बघायला हवं.

“आमच्या आजोबांनी जन्मभर दाणे घातले”

घातले, आणि मोठ्या मनानं घातले. पण आजोबांच्या काळी कबुतरखाना उघड्या चौकात होता, भोवती बैठी घरं आणि चाळी होत्या. पाखरं दाणे टिपून पुन्हा कौलांकडे, मंदिरांच्या शिखरांकडे जायची. आज त्याच चौकाभोवती वीस-वीस मजले उभे आहेत, प्रत्येक मजल्यावर छज्जे आणि एसीची युनिटं. खाऊन झालं की पाखरू जेमतेम पन्नास फुटांवरच्या कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसतं. दाणे घालणारा घरी जातो, विष्ठा त्या खिडकीतल्या माणसाच्या वाट्याला राहते. शिवाय आजोबांच्या काळात एचआरसीटी नव्हता. कुणाला ‘म्हातारपणचा दमा’ होता आणि कुणाला एचपी, हे आता कसं सांगणार?

“मग पकडून लांब सोडा, नाहीतर मारून टाका”

लांब सोडण्याचा विचार आधी बाजूला ठेवू. परत येण्याच्या कसबामुळेच तर माणसानं कबुतराकरवी टपाल चालवलं. ओडिशा पोलिसांची कबुतर-टपाल सेवा २००२पर्यंत सुरू होती. दादरचं कबुतर पनवेलला सोडलं तर त्याला तो प्रवास काहीच नाही.

मारण्याचा प्रयोगही झालेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. संख्या होती तिथेच राहिली, वीस हजारांच्या आसपास. जिवंत झऱ्याची विहीर कितीही उपसा, सकाळी पाणी पुन्हा तेवढंच चढलेलं असतं. इथे झरा म्हणजे दाणा. जेवढे पक्षी मेले, तेवढ्या जागा रिकाम्या झाल्या आणि एरवी उपासमारीनं मेली असती ती पिल्लं त्या जागांवर वाढली.

मग १९८८पासून तिथल्या विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ डॅनिएल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकारानं दिशा बदलली. लोकांना समजावून सांगितलं की जास्त दाण्यामुळे गर्दी होते, गर्दीमुळे पक्ष्यांमध्येच रोगराई होते, पिल्लं हालहाल होऊन मरतात. दाणे कमी झाले. काही ठिकाणी देखरेखीखालची खुराडी ठेवली आणि तिथली अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. पंचवीस वर्षं मारून जे जमलं नाही, ते लोकांशी बोलून जमलं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

“दाणे बंद केले तर उपाशी मरतील”

एका रात्रीत ताडपत्री टाकली तर काही पक्ष्यांचे हाल होतात, हे खरं आहे. शिवाय थवे आजूबाजूच्या गल्ल्यांत पांगतात आणि तिथल्या लोकांचा त्रास वाढतो. म्हणून दाणे टप्प्याटप्प्यानं कमी करणं शहाणपणाचं. कमी दाणा मिळाला की पक्षी लांबवर चरायला जातात, जोड्या कमी अंडी घालतात, आणि एक-दोन वर्षांत संख्या आपोआप खाली येते.

वस्तीपासून दूर, ठरावीक वेळी, मोजके दाणे ही तडजोड त्या वाटेवरची पायरी म्हणून मला मान्य आहे. पण तिथे गोणीच्या गोणी रिकाम्या होणार असतील तर फक्त पत्ता बदलेल, दुखणं तेच राहील.

आणि जीवदया? ज्या जैन आणि गुजराती कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या दाणे घातले त्यांच्या भावनेची थट्टा करणं मला अजिबात पटत नाही. याच परंपरेनं जखमी-आजारी जनावरं सांभाळणारे पांजरपोळ उभे केले. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यानं पंख कापलेले शेकडो पक्षी उपचारांची वाट बघत असतात. दाण्यावर जाणारा पैसा तिथे गेला तर तीही जीवदयाच, आणि त्यातून शेजारच्या बाळाच्या छातीत धूळ जात नाही.

घरी काय करावं आणि कशावर पैसे घालवू नयेत

आधी न चालणाऱ्या गोष्टी. जुन्या सीडी, चमकत्या पट्ट्या, प्लॅस्टिकचं घुबड यांना कबुतर पाच-सात दिवस बिचकतं. हलत नाही, झडप घालत नाही हे कळलं की त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतं. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रं तर निव्वळ वाया, कारण तेवढा उंच स्वर कबुतरालाही ऐकू येत नाही. चिकट जेल लावू नका. त्यात बुलबुल, चिमण्या, सूर्यपक्षी अडकून तडफडून मरतात. विषारी दाणे ही तर क्रूरता आहेच, कायद्यानं गुन्हाही आहे, आणि तो मेलेला पक्षी पुढे मांजर किंवा घार खाते.

चालतं ते साधं आहे : बसायला जागाच न ठेवणं. छज्जा किंवा युनिटचा माथा ४५ अंशांहून जास्त उतरता करा, म्हणजे कबुतर घसरतं. त्यासाठी पत्र्याचा किंवा फायबरचा एक तुकडा पुरतो. अरुंद कडांवर काट्यांच्या पट्ट्या चालतात, मात्र त्या पूर्ण रुंदीवर हव्यात. अर्धवट लावल्या तर कबुतरं त्याच काट्यांचा आधार घेऊन काड्या रचतात.

गॅलरी आणि डक्टसाठी जाळीला पर्याय नाही. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंची घराची नायलॉनची जाळी कबुतराला पुरते. ती ताणून बसवा आणि चारही कडा भिंतीत हूक मारून पक्क्या करा. ढिली जाळी धोक्याची, पक्षी एका फटीतून आत येतो आणि मग बाहेर पडता न आल्यानं आतच अडकतो. उन्हानं नायलॉन ठिसूळ होतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर हातानं ओढून बघा.

जाळी एकट्यानं लावली तर तुमची जोडी शेजाऱ्याच्या खिडकीत जाते. डक्ट तर सगळ्यांचीच असते. हा विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत घ्या, डक्ट वरून जाळीनं झाका आणि खाली प्लंबरला शिरायला दार ठेवा. सभेत दाणे घालणारे काकाही असतील. त्यांच्याशी दंडाची भाषा शेवटी करा, आधी वर राहणाऱ्या कुणाचा तरी खोकला त्यांना ऐकवा.

साफसफाई करताना

कोरडी विष्ठा कधीही झाडू नका, खरवडू नका. दारं-खिडक्या लावून घरातल्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत पाठवा. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला. रुमाल बांधून हे बारीक कण अडत नाहीत. साबणाचं पाणी हलक्या फवाऱ्यानं शिंपडून विष्ठा पूर्ण भिजू द्या. मग खरडून पिशवीत भरा, पिशवीचं तोंड बांधा, जागा जंतुनाशकानं पुसा आणि अंगावरचे कपडे लगेच धुवायला टाका. साठा मोठा असेल, डक्टचा तळच भरलेला असेल, तर ते काम माहीतगार माणसांकडूनच करून घ्या. पण त्यांनाही मास्क आहे ना, हे बघा. रोजंदारीवर आलेल्या माणसाला तोंडाला गमछा गुंडाळून डक्टमध्ये उतरवताना मी पाहिलं आहे. त्याचीही फुप्फुसं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत.

जाळी लावण्याआधी घरटं नीट बघा. आमच्या एसीच्या मागे गेल्या वर्षी दोन अंडी होती. ताजी अंडी काढली तर ती जोडी आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा घालते, म्हणून तेवढ्यानं काम होत नाही. काढलीच तर त्याच दिवशी जागाही बंद करावी लागते. आमच्या घरट्यातली अंडी फुटण्याच्या बेतात होती. आम्ही ती खिडकी बंद ठेवून दीड महिना थांबलो, पिल्लं उडाली, दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळं भिजवून साफ केलं आणि दुपारी जाळीवाला बोलावला. मध्ये एक दिवसही जाऊ दिला नाही, कारण जुनी जागा रिकामी दिसली की तीच जोडी नव्या काड्या घेऊन हजर होते. ती आलीही. दहा-बारा दिवस रोज जाळीवर पंख आपटून गेली, मग यायची थांबली.